बटण आत राहिलं

तळ्यावर पोहायला जायचं एकदाचं ठरलं. टॉवेल खांद्यावर आले, सायकलींत हवा भरून झाली आणि भोंगा तर पोहायची चड्डी आत घालूनच बसला होता. भोंगा म्हणजे आत्याचा मुलगा. तो कानात सांगतो ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. ताई आणि शेपटी या त्याच्या मामेबहिणी, सुट्टीला आलेल्या. ताईने नुकतीच आठवी संपवली होती. शेपटी दुसरीतली, आणि ताई जिथे जाईल तिथे तिच्या मागे असायची, त्यामुळे तिच्या नावाचंही कोडं नको.

सुट्टी लागल्यापासून तळं रोज उद्यावर जात होतं. त्याला कारण आत्याच्या कारखान्यात येऊन पडलेल्या जुन्या खुर्च्या. एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्या आल्या होत्या. कुणाचा पाय लुळा, कुणाची पाठ डगमगती, कुणाच्या गादीतून स्प्रिंग डोकं वर काढून बघतेय. त्या सगळ्यांना नवं रूप देऊन नव्या वाचनालयात धाडायचं होतं. मग काय, घरातल्या सगळ्यांना कामाला जुंपलं गेलं. ताईने पॉलिश पेपरने घासून घासून जुना रंग काढला. भोंग्याने हिरवा रंग खुर्च्यांना दिला, भिंतीला दिला आणि थोडा स्वतःलाही दिला. काका, म्हणजे भोंग्याचे बाबा, स्प्रिंगा बांधत, त्यावर फोम आणि कापड ताणत, आणि गादीच्या बरोबर मध्यावर कापडाने मढवलेलं एक बटण बसवत. मग खुर्ची उलटी करून खालून काळं कापड लावत आणि ते चुकांनी ठोकत. चुका म्हणजे बारके, रुंद डोक्याचे खिळे. शेपटीने पहिल्याच दिवशी घरी फोन करून सांगितलं होतं की काका ढीगभर चुका मारतात आणि आत्या त्यांना काहीच बोलत नाही.

या खालच्या कापडाला कारखान्यात ‘पोट बंद करणं’ म्हणत. त्याबाबत आत्याचा एक नियम होता. पोट बंद करायच्या आधी आत हात फिरवायचा. एकदा तिची लाडकी कात्री अशीच एका खुर्चीच्या पोटात गेली होती, तेव्हापासूनचा हा नियम. काकांना तो साफ नामंजूर होता. आपण काय आंधळे आहोत का, असं ते म्हणत आणि हात न फिरवता ठोकून मोकळे होत.

सकाळी टेम्पो आला, खुर्च्या चढल्या आणि आत्याही त्यांच्याबरोबर वाचनालयात गेली. आज त्याचं उद्घाटन होतं. पोरं सुटली.

निघायच्या आधी शेपटीला फक्त एक काम होतं. फोमच्या गुंडाळ्यांमागे मांजरीने पिल्लं घातली होती. त्यातलं सगळ्यात बारकं पिल्लू दुधाला तोंड लावायला गेलं की बाकीचे गुंड त्याला ढकलून देत. म्हणून शेपटी त्याला कापसाची वात दुधात बुडवून पाजायची. दर थोड्या वेळाने पाजावं लागे, नाहीतर ते मान टाकायचं. कालच तिने त्याचं नाव ठेवलं होतं. इवलंसं, गोल आणि काळं, म्हणून बटण. हे नाव अजून फक्त ताईला आणि भोंग्याला माहीत होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

शेपटी दुधाची वाटी घेऊन आत गेली आणि तशीच भरलेली वाटी घेऊन बाहेर आली.

“बटण नाहीये,” ती म्हणाली.

भोंग्याने गुंडाळ्या हलवल्या. ताईने लाकडाच्या फळ्यांमागे, रंगाच्या डब्यांमागे, चिंध्यांच्या पोत्यात पाहिलं. बाकीची पिल्लं जागच्या जागी होती. मांजरी मात्र पिल्लं सोडून कारखान्यात फिरत होती. जिथे सकाळपर्यंत खुर्च्या होत्या तिथली जमीन ती हुंगायची, पुढे जायची, परत यायची आणि खर्जात ओरडायची. ताईने शेपटीचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं.

काका पायरीवर पेपर वाचत बसले होते. शेपटीने त्यांना विचारलं, “काका, बटण कुठेय?”

“बटणं? सगळी बसवली. एकही उरलं नाही.”

“बसवलं? कुठे?”

“खुर्चीत. आणखी कुठे बसवणार?” काका हसले. मग पेपराचं पान उलटता उलटता त्यांना काहीतरी आठवलं. “एक मात्र सुटं राहिलं वाटतं. घाईत एका खुर्चीचं पोट बंद करत होतो, तर आत काहीतरी हललं. म्हटलं, असेल बटण. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, आता कोण उघडत बसणार?”



“बटणच होतं,” शेपटी म्हणाली आणि तिच्या हातातली वाटी कलंडली.

काकांना काहीच कळेना. ताईने भराभरा सांगितलं तेव्हा त्यांचं हसू आधी अर्धवट राहिलं आणि मग पार मावळलं. कुठली खुर्ची, असं तिने विचारलं. त्यांना आठवत नव्हतं. सगळ्या खुर्च्या सारख्या, सगळ्यांची पोटं सारखी. त्यांनी आत्याला फोन लावून ताईच्या हातात दिला. पलीकडे माइक तपासणाऱ्या कुणाचं तरी ‘हॅलो, हॅलो’ चाललं होतं.

“आत्या, बटण खुर्चीत अडकलंय,” ताई ओरडली.

“अगं, मग अडकू दे. एका बटणासाठी फोन करतेस? कार्यक्रम झाला की बघू,” आत्या म्हणाली आणि फोन कट झाला. आपण काय बोललो ते ताईच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तिने पुन्हा लावला, तर फोन बंद.

काका म्हणाले, थांबा, मी रिक्षा बघतो. ते चपला शोधू लागले. काकांच्या चपला शोधणं हा रोज सकाळचा मोठा उद्योग असायचा, हे तिघांनाही माहीत होतं. ताईने भिंतीवरची पकड उचलली, शेपटीला मागे बसवलं आणि सायकल हाणली.

ऊन डोक्यावर होतं. भोंगा पुढे होऊन “बाजूला, बाजूला” असं ओरडत वाट करून देत होता आणि माणसं खरंच दचकून बाजूला होत होती. ताईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गादीवर कुणी बसलं की स्प्रिंगा खाली दबतात. पोटातली जागा चपटी होते. तिने स्वतः उलट्या खुर्चीत हात घालून पाहिलं होतं. हे शेपटीला सांगायचं नाही असं तिने ठरवलं.

“ताई,” मागून आवाज आला, “त्या खुर्चीवर कुणी जाड माणूस बसला तर?”

ताईने पाय आणखी जोरात मारले. तिला रडू येत होतं आणि वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी आलंय असं कुणाला वाटलं तर बरं, असंही वाटत होतं.

चढावर सायकलीची साखळी निसटली. ती बसवायला वेळ नव्हता. सायकल तिथेच टाकून ताई आणि शेपटी पळत सुटल्या. शेपटी एकदा पडली, उठली, गुडघ्याकडे बघितलंही नाही.

वाचनालयात पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि आत सगळे बसलेले होते. सगळेच्या सगळे. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

दारात छातीवर फूल लावलेला एक स्वयंसेवक उभा होता. रंगाने माखलेली पोरं, खांद्यावर टॉवेल, एकीच्या गुडघ्यातून रक्त. त्याने हात आडवा केला. भोंगा मांजराचं सांगायला लागला तर तो म्हणाला, इथे जनावरांना परवानगी नाही. शेपटी हुंदके द्यायला लागली. तेव्हा ताईने डोळे पुसले आणि पकड वर धरली.

“आम्ही खुर्च्यांची माणसं आहोत,” ती शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाली. “एका खुर्चीचं काम राहिलंय. कुठली ते आत गेल्याशिवाय कळणार नाही. पाहुणे आपटले तर आम्हाला बोलू नका.”

स्वयंसेवकाने आतल्या पाहुण्यांकडे पाहिलं, पकडीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. हातात हत्यार असलं की माणसं वय विचारत नाहीत, हे ताईला त्या दिवशी कळलं.

आत भाषण रंगात आलं होतं. वक्ते टेबलावर मूठ आपटत होते आणि दर वाक्याला टाळ्या पडत होत्या. ताई शेवटच्या रांगेमागे वाकली, बुटाची नाडी बांधतेय असं दाखवलं (पायात चप्पल होती) आणि एका खुर्चीच्या बुडाशी कान नेला. आत गुरगुर ऐकू आली. पण ती वर बसलेल्या गृहस्थांच्या पोटातली होती, खुर्चीच्या नव्हे. पुढच्या खुर्चीशी काहीच नाही. त्याच्या पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरकली. असं एकेक करून सगळं सभागृह कधी संपायचं?

पहिल्या रांगेतून आत्याने मागे वळून पाहिलं. तिघांचा अवतार बघून तिचे डोळे मोठे झाले. ताईने हातवारे करून खुर्ची, मांजर, पोट असं सगळं सांगायचा प्रयत्न केला. आत्याने ‘नंतर’ असा पंजा दाखवला आणि कपाळाला हात लावून पुढे वळली. पुन्हा टाळ्या.

“या गोंधळात ते ओरडलं तरी ऐकू येणार नाही,” भोंगा म्हणाला. तो खरोखर हळू बोलला होता. त्याचा असा आवाज ताईने कधी ऐकला नव्हता आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

सगळ्यांनी उठायला हवं होतं. आणि सगळ्यांनी गप्प बसायला हवं होतं. उठायचंही आणि गप्पही राहायचं. असं मोठी माणसं कधी करतात?

ताईला एकदम सुचलं, आणि सुचलं त्याचीच भीती वाटली. भाषण संपलं. वक्ते खाली उतरले, निवेदक पाणी प्यायला वळले. तेवढ्यात ताई जाऊन माइकसमोर उभी राहिली.

“सर्वांना विनंती आहे,” ती म्हणाली, “थोडा वेळ जागेवर उभं राहून शांतता पाळावी. आज सकाळपर्यंत एक जण आमच्यात होतं. खूप लहान होतं. आणि आता...” पुढचं तिला बोलवेना. हे ती नाटक म्हणून बोलायला गेली होती, पण ते नाटक राहिलं नाही. “कृपा करून कुणी हलू नका. अजिबात आवाज करू नका.”

खुर्च्या सरकल्या आणि सगळं सभागृह उभं राहिलं. माना खाली गेल्या. वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी शेजारच्या गृहस्थांना कोण गेलं ते कुजबुजत विचारलं, तर त्यांनी सगळं ठाऊक असल्यासारखी मान हलवली. आत्या एकटी तोंड उघडं टाकून भाचीकडे बघत होती.

शांतता पसरली. पंख्याची घरघर तेवढी उरली. ताईने जीव कानात गोळा केला. मागे भोंगा आणि शेपटी रांगांमधून वाकून, कान देऊन सरकत होते. शेपटी ओठातल्या ओठात ‘बटण, बटण’ करत होती.

काहीच ऐकू आलं नाही. म्याव नाही, खरवड नाही, काही नाही.

कुणीतरी खाकरलं. एका आजींनी मान वर केली. आता झालं, आता सगळे बसणार. पुन्हा त्या स्प्रिंगांवर बसणार. शेपटी मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिने ताईकडे पाहिलं. त्या बघण्यात रागही नव्हता आणि हट्टही नव्हता, फक्त ‘आता काय’ एवढंच होतं. त्या क्षणी ताईला वाटलं, बटण गेलं. आपण खोटी शांतता मागितली आणि ती खरी झाली.

आणि मग भोंग्याची नजर एका पाठीवर गेली.

पलीकडच्या रांगेत एक सडपातळ आजोबा उभे होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, पाठीवर, हिरवे पट्टे उठले होते. बरोबर खुर्चीच्या दांड्यांइतके रुंद. काल संध्याकाळी भोंग्याने पोट तेवढं बंद व्हायचं राहिलेल्या एका खुर्चीला सायकलचं हँडल घासून ओरखडे पाडले होते. आईला कळू नये म्हणून सकाळी उठून त्याने तिच्या दांड्यांना गुपचूप रंग लावला होता, आणि वाळेपर्यंत कुणाला दिसू नये म्हणून ती लपवून ठेवली होती. उघड्या पोटाची, आडवी. फोमच्या गुंडाळ्यांमागे. मांजरीच्या शेजारी. टेम्पो आल्यावर काकांनीच ती तिथून ओढून काढली असणार.

“हिरवे पट्टे!” भोंगा ओरडला. “ओली खुर्ची! आजोबा, बसू नका!”

आजवर त्याला जन्मात जितक्या वेळा ‘हळू बोल’ म्हणून ऐकावं लागलं होतं, त्या सगळ्याची भरपाई त्या एका ओरडण्यात झाली. आजोबा बसता बसता अर्ध्यावर थबकले. अख्खं सभागृह तसंच उभं राहिलं, कारण बसण्याची कुणाची हिंमतच झाली नाही.

ताई धावत आली. खुर्ची उलटी झाली. पकडीत चूक धरायची आणि खेचायची, हे तिने सुट्टीभर केलं होतं, पण आता पकड घसरत होती. भोंग्याने खुर्ची घट्ट धरली. एक चूक निघाली, मग दुसरी. काळं कापड एका कोपऱ्यात सुटलं तशी शेपटीने आपला बारका हात आत घातला. ती चाचपत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे सगळे बघत होते.

तिने हात बाहेर काढला. ओंजळीत बटण होतं. ओलं, मऊ आणि अगदी निपचित. मान एका बाजूला पडलेली.

आत्या गर्दीतून वाट काढत आली होती. ती सगळं समजली आणि तिथेच खाली बसली. आताची शांतता कुणी मागितलेली नव्हती. शेपटी रडत नव्हती. तिने बटणाला मानेशी धरलं, टॉवेलचं टोक त्याच्यावर ओढलं आणि एका बोटाने त्याची पाठ चोळायला लागली. वर, खाली. वर, खाली. मांजरी जिभेने करते तशी. आत्याने हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता पुरे, असं सांगायचं होतं बहुतेक. शेपटी चोळत राहिली.

मग बटणाने जांभई दिली.

आवाज आलाच नाही. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. त्याने नुसतं तोंड उघडलं, गुलाबी जीभ दाखवली आणि शेपटीच्या कानाची पाळी दूध समजून चोखायला लागलं. शेपटी तेव्हा रडली. मोठमोठ्याने, भोंग्याला लाजवेल इतक्या जोरात. ताई आणि भोंगाही मागे राहिले नाहीत, आणि चिटणीसबाई, ज्यांना अजूनही पूर्ण उलगडा झालेला नव्हता, त्याही डोळे पुसू लागल्या.

“म्हणजे कुणीच गेलेलं नाही तर,” पट्टेवाले आजोबा म्हणाले. “मग आता बसू का मी? दुसऱ्या खुर्चीवर.”

हसण्याचा असा फवारा उडाला की दारातला स्वयंसेवक आत धावला. त्याच्या मागोमाग काका शिरले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात आत्याची. त्यांनी शेपटीच्या मानेपाशी हलणारं काळं शेपूट पाहिलं आणि दारालाच टेकून उभे राहिले. मग येऊन जमिनीवर पडलेल्या चुका वेचायला लागले. सगळ्या वेचून झाल्यावर त्यांनी मूठ आत्यासमोर उघडली.

“माझी चूक,” ते म्हणाले.

“तुमच्याच आहेत सगळ्या,” आत्या म्हणाली. पण तिचाही आवाज ओला होता. मग तिने भोंग्याकडे पाहून विचारलं की तयार खुर्चीला ओला रंग कसा काय होता? भोंग्याने सगळं सांगून टाकलं, आणि तेही इतकं हळू, की आत्याला दोनदा विचारावं लागलं. आजोबांनी मध्ये पडून सांगितलं, पोरांना एक शब्द बोलायचा नाही. भर सभेत उभं राहून एवढ्या माणसांना गप्प करणं आपल्याला आयुष्यात जमलं नाही, ते या मुलीने एका मांजरासाठी केलं. आणि शर्ट ते धुणार नव्हते. कुणी विचारलं तर सांगायला गोष्ट हवी ना!

कारखान्यात परत आणल्यावर मांजरीने बटणाला इतकं चाटलं की ते दोनदा उलटं पडलं. तळ्यावर दुसऱ्या दिवशी सगळेच गेले, काकासुद्धा.

सुट्टी संपली. बटण बरंच मोठं होऊन, टोपलीत बसून शेपटीबरोबर तिच्या घरी आलं. तिकडे कारखान्यात जुन्या खुर्च्या येत राहिल्या, नव्या होऊन जात राहिल्या. आणि मधूनच, शेपटी अभ्यासाला बसली की घरचा फोन वाजतो. पलीकडे काका असतात. मागे हातोडी ठेवल्याचा आवाज येतो. हात फिरवून झालेला असतो, तरीही त्यांना राहवत नाही.

“बटण आहे का गं?” ते विचारतात.

शेपटी मांडीकडे बघते.

“आहे काका. मारा चुका.”